नाक भावाला, मीठ बहिणीला

आमच्या गल्लीत जिला सगळे अळणीताई म्हणतात, तिच्या हातच्या पावात मीठ इतकं नेमकं असतं की सोबत काही नसलं तरी चालतं. नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी पाव नेतो आणि दुसऱ्या दिवशी विचारत येतो, की मग हे असलं नाव का? त्याला लोक माझ्या दुकानात पाठवतात. बेकरीच्या बरोबर समोर माझं चष्म्यांचं दुकान आहे. लोकांच्या काचा पुसता पुसता लोकांकडे बघणं हा माझा जोडधंदा, आणि बघितलेलं तिखटमीठ लावून सांगणं हा तिसरा. ही गोष्ट मुळातच मिठाची असल्यामुळे वरून लावायला फारसं काही लागत नाही.

नावाचं कारण तिचा धाकटा भाऊ. ती त्याला 'बाळ' म्हणते. बाळ पन्नाशीच्या पुढे गेलाय आणि पोट बाळाच्याही पुढे गेलंय. ती भट्टी सांभाळते, तो गाडीतून दुकानांना आणि हॉटेलांना पाव पोचवतो. बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत दोघं राहतात. लग्न दोघांनीही केलं नाही. ती म्हणते, वेळ मिळाला नाही. तो म्हणतो, ताईने कुणाला टिकू दिलं नसतं. माझ्या मते दोघंही खरं बोलतात.

त्यांचे बाबा त्याच भट्टीसमोर गेले. साठी अजून लांब होती. सकाळचा दुसरा घाणा काढायला त्यांनी लांब दांड्याचं फावडं उचललं आणि ते हातात धरूनच खाली बसले, ते उठले नाहीत. मेंदूतली शीर फुटली, डॉक्टर म्हणाले. प्रेशर आधीपासून चढलेलं असणार, कुणी कधी मोजलंच नव्हतं. बाबांना खारट फार आवडायचं. ताटाशेजारी मिठाची वाटी नसेल तर ते जेवायला बसायचे नाहीत, आणि असेल तर ती रिकामी झाल्याशिवाय उठायचे नाहीत.

आणि बाळ म्हणजे तर बाबांना झाकावं आणि ह्याला काढावं. तेच फताडं नाक, तीच डुलत चालण्याची ढब, हसताना तसंच आधी पोट हलणार आणि मग आवाज येणार. बाबा गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक माणूस बाळाकडे बघून डोळे पुसायचा. ताईकडे बघून कुणी डोळे पुसले नाहीत. ती आईवर गेलेली. लांबट चेहरा, बारीक हाडं, सरळ नाक. आई बाबांआधीच तापाने गेली होती, पण आईची आई तर सगळं खारट-तिखट चापून, साऱ्या नातेवाइकांची उणीदुणी काढून, नव्वदीच्या उंबरठ्यावर झोपेतच गेली. "तुला काय होतंय, तू आईवर गेलीयस," असं ताईला इतक्यांनी सांगितलं होतं की तिलाही ते पटलं होतं.

त्या घराने रक्ताचा हिशेब चेहऱ्यावरून लावला. नाक बाबांचं, म्हणजे शिराही बाबांच्याच. बाबा जाऊन महिना झाला नसेल, ताईने स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उचलला आणि खाली बेकरीत नेऊन ठेवला. त्या दिवसापासून वरच्या घरात मीठ बंद. बटाटे अळणी, भाजी अळणी, अंडीसुद्धा अळणी. पहिल्या आठवड्यात बाळ चिडला, दुसऱ्यात रुसला, तिसऱ्यात म्हणाला की ताई, मी आजारी पडण्याआधी उपाशी मरेन. ताईने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि स्वतःही तेच घेऊन बसली. तिने कधी चोरून मीठ खाल्लं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्याच दिवसांत आमच्या हिने तिला अळणीताई नाव ठेवलं, ते गल्लीने उचललं. ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. आता बाळाला बाहेर कुणी खारट द्यायला धजणार नाही."

तिला बिचारीला माझ्या आरशाची कल्पना नव्हती. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक उंच आरसा आहे. बाळ दुपारची फेरी संपवून 'दांडी सैल झाली' म्हणून यायचा, त्या आरशामागे उभा राहायचा आणि खिशातून खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी काढायचा. त्याच्या चष्म्याच्या दांड्या मी इतक्यांदा घट्ट केल्यात, की तेवढ्या वेळात एखाद्याने नवीन फ्रेम घडवली असती. मग मिशा पुसून तो घरी जायचा. ताई दारातच त्याचा वास घ्यायची आणि घरचं अळणी जेवण आणखी अळणी करून वाढायची. अळणीपेक्षा अळणी कसं करतात हे मला आजवर कळलेलं नाही, पण बाळ शपथेवर सांगतो की ती करायची.

ताईची आणि माझी ओळख मात्र वेगळ्या गोष्टीवरून घट्ट झाली. बाबा गेल्यानंतर काही दिवसांनी ती त्यांचा चष्मा घेऊन आली आणि म्हणाली, ह्याच फ्रेममध्ये माझ्या नंबरच्या काचा घाल. फ्रेम काळी, जाड, फताड्या नाकासाठी केलेली. तिच्या सरळ नाकावरून ती घसरगुंडीसारखी खाली यायची. मी म्हणालो, "ताई, ही फ्रेम तुमच्या चेहऱ्याची नाही." ती म्हणाली, "माहितीय मला. तू काचा घाल." तेव्हापासून ती तीच लावते आणि चार-दोन महिन्यांनी नाकाजवळचा भाग वाकवून घ्यायला येते. त्या चष्म्यातून भट्टीच्या आत बघताना तिचा एक हात कायम नाकावर असतो.

आता ती काय खायची ते ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रत्येक घाण्याच्या मळलेल्या पिठाची सुपारीएवढी गोळी काढून ती जिभेवर ठेवते. मीठ तराजूवर तोलूनच पडतं, पण बाबांचा तराजूवर विश्वास नव्हता, जिभेवर होता, आणि तिने तेच उचललं. मीठ कमी पडलं तर पीठ उधळल्यासारखं फुगतं आणि मग बसतं, पावाला रंग चढत नाही. शिवाय जो पाव वाकडा फुगला, कडेला करपला, तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही आणि फेकायचाही नाही. तो चहात बुडवून उभ्या उभ्या ताईच्या पोटात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कुणी विचारलं की ताई, तुम्ही काय खाता, तर ती म्हणायची अळणी भाजी आणि बटाटे. पाव ती मोजायचीच नाही. पाव हे तिच्या लेखी खाणं नव्हतं, काम होतं. बाळ पावाला शिवायचा नाही. दिवसभर गाडीत पावाचा वास घेऊन त्याला शिसारी आलेली.

संध्याकाळी भट्टी शांत झाली की ती पायरीवर बसून चपलांचे पट्टे सैल करायची. घोटे सुजलेले असायचे. दिवसभर उभं राहून राहून होतं म्हणायची. बाबाही त्याच पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायचे. मी दोघांनाही समोरून बघितलंय. पण माझं दुकान चष्म्यांचं, अकलेचं नव्हे.

तर, बाबांना जाऊन वीस वर्षं झाली त्या वर्षी ताईच्या जिवाला घोर लागला होता. बाबा गेले त्या वयाला बाळ पोचणार होता. ती त्याला गाडीतून उतरताना बघायची, जिना चढताना त्याच्या श्वासाकडे कान द्यायची. रागावला की प्रेशर चढेल म्हणून त्याच्याशी भांडणंही तिने सोडून दिली, तेव्हा बाळ घाबरून माझ्याकडे आला. म्हणाला, ताई गोड बोलायला लागलीय, माझं काहीतरी लपवतायत का सगळे?

अशात मोठ्या इस्पितळातली एक तरुण डॉक्टरीणबाई गल्लीत आली. मीठ खाल्लं की कुणाचं प्रेशर चढतं आणि कुणाचं चढत नाही, हे घराण्यात कसं उतरतं, ह्याचा अभ्यास त्यांच्याकडे चालला होता. त्यांना सख्खी भावंडं हवी होती. पहिले काही दिवस इस्पितळाच्या डब्यातलं कमी मिठाचं जेवण, मग काही दिवस खारट, मग खारट जेवणासोबत पोटॅशियमच्या गोळ्या. डब्याबाहेरचं तोंडात काही घालायचं नाही. रोज प्रेशर मोजायचं, थोडं रक्त द्यायचं आणि दिवसभराची लघवी बाटलीत जमवायची, म्हणजे किती मीठ आत गेलं आणि किती बाहेर आलं ते कळतं.

बाळ खारट जेवणाचं ऐकून ताबडतोब तयार झाला. ताईने डॉक्टरीणबाईला दारातच थांबवलं.

"ह्याला मीठ घालून बघणार? आमच्या बाबांनी बघितलं होतं की घालून."

डॉक्टरीणबाई भली होती. तिने समजावलं की रोज मोजणार, जरा जास्त चढलं तर तिथेच थांबवणार. उलट न मोजता जगणं धोक्याचं, बाबांचं तसंच झालं ना? ही शेवटची गोष्ट ताईला लागली. ती तयार झाली, पण बाळासाठी. स्वतःचं नाव तिने भावंडांची जोडी पुरी व्हावी म्हणून दिलं. सुरुवातीला दोघांचंही प्रेशर थोडं वरच्या बाजूला निघालं, गोळी लागेल इतकं नाही. बाळाचा आकडा ऐकून ती म्हणाली, बघा, मी सांगत होते. स्वतःचा ऐकून म्हणाली, जिने चढून आलेय.

कमी मिठाचे दिवस मजेत गेले. बाळ म्हणायचा, ताईच्या मानाने हे डबे म्हणजे मेजवानी. बाटली तो गाडीत पावांच्या शेजारी ठेवायचा. एका हॉटेलवाल्याने विचारलं, हा कसला रस नवीन आणलास, आम्हाला नाही का? बाळाने त्याला खरं सांगितलं की नाही, ह्याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. ताईची चिडचिड मात्र वेगळीच. पिठाची गोळी जिभेवर ठेवायला बंदी आणि वाकडे पाव खायलाही बंदी. ते ती माझ्या घरी आणून टाकायची. पण ह्याच दिवसांत संध्याकाळी पायरीवर बसल्यावर चपलांचे पट्टे सोडायची ती विसरायला लागली. हे तिने नव्हे, मी बघितलं.

मग खारट डबे आले. बाळ डोळे मिटून जेवला. ताई समोर बसून त्याच्याकडे बघत राहायची, हा आता फुटतोय की मग फुटतोय अशा नजरेने, आणि आपला डबा औषधासारखा संपवायची. रोज तपासणीला आधी बाळाचा आकडा विचारायची. बाळाचा आकडा जागचा हलेना. आज नाही, उद्या नाही.

एके दिवशी मीही सोबत गेलो होतो. गल्लीला खरं सांगायला कुणीतरी नको का? सिस्टरने ताईच्या दंडाला पट्टा बांधला, मोजलं, सोडला आणि पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला. मग म्हणाली, जरा शांत बसा. ताई तिलाच म्हणाली की तुमचं मशीन बिघडलंय, ह्याचं नीट बघा, ह्याचं कमी दाखवतंय. डॉक्टरीणबाई आली, तिने स्वतः मोजलं आणि ताईचे खारट डबे त्या दिवसापासून बंद केले.

ताईने मग जे भांडण काढलं ते मी जन्मभर सांगत राहीन. तिचं म्हणणं, बाटल्यांची अदलाबदल झालीय. बाळाचा आकडा तिच्या नावावर आणि तिचा बाळाच्या. हा बघा, ह्याचं नाक बघा, तुम्ही आमच्या बाबांना बघितलं नाहीत म्हणून असं बोलताय. डॉक्टरीणबाई म्हणाली की बाटल्यांचं राहू द्या, दंड तर अदलाबदल होत नाहीत ना?

मग ती ताईशेजारी खुर्ची ओढून बसली. बरंच काही समजावलं, त्यातलं मला कळलं ते असं. काहींचं शरीर जास्तीचं मीठ झटपट बाहेर टाकतं, काहींचं धरून ठेवतं, मिठाबरोबर पाणीही धरतं, आणि प्रेशर चढतं. हा स्वभाव बराचसा आईबापांकडून येतो. तो एकाच जनुकात नसतो. बारीकसारीक पुष्कळ असतात, प्रत्येकाचा हात चिमटीएवढा, आणि सगळी अजून आम्हालाही सापडलेली नाहीत. पण ती नाकाबरोबर गाठ मारून येत नाहीत.

"नाक वडलांचं तुमच्या भावाला आलं," ती म्हणाली, "आणि मिठाचा स्वभाव बहुतेक वडलांचाच, तो तुम्हाला आला."

ताईचा चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आला होता, तो वर सरकवायचंही तिला भान नव्हतं. मला वाटलं ती घाबरली. बाळ तर पांढराफटक पडला होता. स्वतःच्या आकड्याला कधी न घाबरलेला माणूस भिंत धरून उभा होता. मग ताई बोलली, तेही डॉक्टरीणबाईशी नाही, माझ्याशी.

"अरे चष्मेवाल्या, म्हणजे मलाही दिलं होतं म्हणायचं त्यांनी काहीतरी."

तेव्हा मी उठून तिच्या चष्म्याच्या दांड्या घट्ट केल्या.

पाव पुढे सापडला. डॉक्टरीणबाई विचारत गेली, सकाळी काय, दुपारी काय, आणि ताई सांगत गेली अळणी, अळणी. शेवटी बाळच म्हणाला, "आणि ते वाकडे पाव, ताई?" ताई म्हणाली की ते काय खाणं आहे का? डॉक्टरीणबाईने एका पावात किती मीठ असतं ते विचारलं, ताईने मापासकट सांगितलं, आणि सांगता सांगताच थांबली. वीस वर्षं भावाच्या ताटातून वेचलेलं मीठ ती चहात बुडवून स्वतः खात होती.

पुढचं बरं झालं. किडनी तपासली, ती ठीक निघाली. मग केळी, पालक, उकडलेले बटाटे, घेवडा असं पोटॅशियमचं खाणं तिला वाढवून दिलं. पोटॅशियम मिठाला बाहेरची वाट दाखवतं, आणि ताईसारख्यांना त्याचा गुण जास्त येतो म्हणे. बाजारात पोटॅशियमचं वेगळं मीठ मिळतं, ते मात्र न विचारता आणायचं नाही अशी ताकीद दिली. ताईचं प्रेशर हळूहळू खाली आलं आणि राहिलं. बाळाला पोटॅशियमच्या गोळ्या दिल्या तेव्हा त्याचा आकडा पूर्वीसारखाच आळशी. त्याला सांगितलं की मिठाने तुमचं प्रेशर हलत नाही, म्हणून ढीगभर खायचा परवाना मिळाला असं समजू नका, पण बेताने चालेल.

मला वाटलं, आता बाळ वीस वर्षांचं उसनं वसूल करणार. पण मिठाचा डबा खालीच राहिला. स्वयंपाक आता बाळ करतो, आणि ताईपेक्षा वाईट करतो. पहिल्या दिवशी दोन ताटं अळणीच वाढली, तेव्हा ताई म्हणाली, "तुला चालतं ना आता, घे की."

"वीस वर्षांची सवय, ताई. आता खारट सोसत नाही."

हे तो तोंड वर करून बोलला. मिशीत शेंगदाण्याचं साल होतं.

पीठ चाखायचं काम तिने त्याच्यावर सोपवलं, ते जड गेलं. वीस वर्षं अळणी जेवलेली जीभ, तिला काय कळणार? पहिले काही दिवस गल्लीने जो पाव खाल्ला त्याबद्दल न बोललेलं बरं. एकदा खारट, एकदा पांढरा, एकदा बसका. आमची ही म्हणाली, अळणी नाव आता बाळाला द्या. ताई शेजारी उभी राहून शिकवायची: लगेच गिळू नकोस, जिभेच्या कडेला ने, थांब. एकदा मी पाव आणायला गेलो तेव्हा हेच चाललं होतं. बाळाने गोळी जिभेवर ठेवली आणि विचार करता करता त्याचा डावा डोळा आपोआप मिटला. बाबा चाखायचे तेव्हा असाच मिटायचा. बाळाला हे ठाऊक नव्हतं. ही शिकवणी सुरू होईपर्यंत त्याने गोळी कधी तोंडातच घातली नव्हती. ताई बघत राहिली. त्याने विचारलं, ताई, कमी आहे का गं? तर ती म्हणाली, "पुन्हा घे. नीट कळलं नाही तुला." त्याला नीट कळलं होतं. तिने त्याला उगाचच आणखी दोनदा चाखायला लावलं.

बाबांच्या वयाचा दिवस येऊन गेला. ताईने सकाळी बाळाचं प्रेशर मोजलं, बाळाने ताईचं. मग दोघं भांडली, पूर्वीसारखी कडाडून, आणि गल्लीने सुटकेचा श्वास टाकला.

बाळ अजूनही दुपारी माझ्याकडे येतो. दांडी सैल झाली म्हणतो, आरशामागे उभा राहतो, पुडी काढतो. मी म्हणालो, अरे, आता कुणाची भीती आहे तुला? भर रस्त्यात खा, बँड लावून खा. तो म्हणाला, "समोर ताई असते. तिला आवडायचं रे खारट. बाबांसारखंच."

आणि तो मिशा पुसून पलीकडे जातो. ताई दारात उभी असते. त्याचा वास घेते, मिशीतलं राहिलेलं साल बोटाने काढते. साल मात्र ती झाडून टाकते की जिभेला लावते, ते मला इतक्या लांबून दिसत नाही. दिसत असलं तरी सांगणार नाही.